सहाशे चाळीस प्रश्नांची वही

थोरली नोंदणी कार्यालयात चौकशीच्या खिडकीत बसायची आणि धाकटी एका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीत यंत्राचे पेपर तपासायची. एवढं सांगितलं की दोघी बहिणींबद्दल निम्मं सांगून होतं. उरलेलं निम्मं जरा सावकाश सांगायला हवं.

दोघी एकाच इमारतीत राहायच्या. थोरली आणि तिचा नवरा पहिल्या मजल्यावर, धाकटी एकटी तिसऱ्यावर. रात्रीचं जेवण मात्र खालीच. आई गेली तेव्हा धाकटी नऊ वर्षांची होती आणि थोरली एकोणीसची. त्यानंतर धाकटीच्या वेण्या, शाळेचा डबा, पालकसभा, कॉलेजचे फॉर्म, सगळं थोरलीने केलं. लग्नही तिने उशिरा केलं, आणि तेही धाकटीला नोकरी लागल्यावर. या गोष्टीचा तिने कधी उच्चार केला नाही. धाकटीनेही कधी केला नाही. ज्या घरात उपकार मोठे असतात तिथे बोलणं बहुधा मिठाचं आणि विजेच्या बिलाचंच होतं.

खिडकीचा नंबर तीन. जन्माचे, मृत्यूचे, लग्नाचे दाखले कुठे मिळतात, कुठला कागद लागतो, कुठल्या मजल्यावर जायचं, हे सांगायचं तिचं काम. काचेला मध्यभागी एक गोल भोक होतं आणि ते बसवणाऱ्याने कुणाच्या उंचीने बसवलं कोण जाणे, उभ्या माणसाच्या छातीशी यायचं. त्यामुळे बाहेरचा वाकून बोलायचा आणि आतून थोरली मान तिरकी करून ऐकायची. तेवीस वर्षांत तिची मान थोडी डावीकडे कललेलीच राहिली. फोटोतसुद्धा ती कुणाचं तरी ऐकतेय असं वाटायचं. नोकरी कराराची होती. दर वर्षी नवं पत्र यायचं. सत्तावन्न पूर्ण झाली होती आणि साठीपर्यंत काम करायचं तिने ठरवलं होतं. "तीन वर्षं अजून. मग मी आणि माझी खुर्ची," असं ती म्हणायची.

धाकटीचं काम लोकांना समजावून सांगणं अवघड होतं. तिच्या कंपनीत बोलणारी यंत्रं तयार व्हायची. प्रश्न विचारा, उत्तर देतील. पण ते उत्तर बरोबर आहे का, नीट सांगितलं आहे का, हे कुणीतरी माणसाने तपासावं लागतं. दर शुक्रवारी यंत्राची परीक्षा व्हायची. तेच प्रश्न पुन्हा विचारायचे, उत्तरं छापून घ्यायची आणि धाकटीने लाल पेनाने गुण द्यायचे. पडद्यावर तपासायला सांगितलं होतं, पण तिला ते जमेना. कागद हातात असला की चूक दिसते, असं तिचं म्हणणं. ऑफिसात सगळे तिला मास्तरीण म्हणायचे, तोंडावरसुद्धा. तिला त्याचं काही वाटायचं नाही.

आता ती परीक्षा आली कुठून, ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वी कंपनीने सरकारी कार्यालयांसाठी काहीतरी बनवायचं ठरवलं. प्रॉडक्ट विभागाचे साहेब धाकटीपेक्षा दहा वर्षांनी लहान. हुशार, नम्र, आणि बोलताना सतत फळ्यावर बाण काढणारे. त्यांना सगळे बाणवाले म्हणायचे. त्यांनी पहिल्या दिवशी फळ्यावर एक खिडकी काढली, तिच्यात एक माणूस काढला, आणि माणसाशेजारी एक छोटा चौकोन.

"हा चौकोन म्हणजे आपण," ते म्हणाले. "खिडकीतल्या माणसाच्या शेजारी एक पडदा. नियम बदलला, पत्ता बदलला, तो आठवण करून देणार. माणूस तोच. आपण सोबत."

धाकटीला ते पटलं. त्याच रात्री जेवताना ती थोरलीला म्हणाली, "ताई, एक काम करशील? दिवसभरात लोक काय काय विचारतात आणि तू काय सांगतेस, ते लिहून ठेव. पुढे तुलाच उपयोग होईल."

"सगळं?"

"सगळे प्रश्न. एकही सोडू नकोस."

थोरलीला असं सांगायची खोटी. तिने दोन जाड वह्या आणल्या, समास आखला, डावीकडे तारीख, मध्ये प्रश्न, खाली उत्तर. पाच महिने रोज संध्याकाळी बसून लिहीत होती. भाऊजी म्हणजे तिचा नवरा, बोलण्यात जरा खवचट, पण मनाने लोणी. तो म्हणायचा, "आमच्याकडे आता ग्रंथ चाललाय. चहा मागायचा तर प्रस्तावनेत जागा आहे का विचारावं लागतं."

"तुमचा प्रश्न लिहिलाय मी," थोरली वर न बघता म्हणायची. "उत्तर, स्वतः करून घ्या."

एकूण सहाशे चाळीस प्रश्न झाले. धाकटीने वह्या ऑफिसात नेल्या. अक्षर बघून लोक गोळा झाले. दुसऱ्या कंपन्या असले प्रश्न घरी बसून मनाने रचत होत्या, आणि इथे अस्सल माल आला होता. त्या दिवसापासून शुक्रवारच्या परीक्षेला नाव पडलं वहीची परीक्षा. थोरलीची उत्तरं म्हणजे उत्तरपत्रिका. यंत्र तिच्यासारखं बोललं की पूर्ण गुण, नाही बोललं की कापले.

पहिल्या शुक्रवारी यंत्राला शंभरात एकेचाळीस मिळाले.

पुढचं वर्षभर तो पडदा कुणी विकत घेतला नाही. बाणवाले साहेब कार्यालयं फिरले, डेमो दिले, चहा प्यायले, परत आले. मग एका सकाळी त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि फळ्यावर पुन्हा तीच खिडकी काढली.

"आपली चूक कुठे झाली ते मला कळलंय," ते म्हणाले. "खिडकीत बसलेल्या माणसाला आपला पडदा आवडतो. पण विकत कोण घेतं? त्याचा वरिष्ठ. आणि वरिष्ठ विचारतो, माणूस आहेच, मग वर यंत्र कशाला? त्याला जादाची वस्तू नको आहे. त्याला बदलीची वस्तू हवी आहे." त्यांनी बोटाने खिडकीतला माणूस पुसला आणि चौकोन मधोमध सरकवला. "सोबत नाही. ऐवजी."

एका दाढीवाल्या इंजिनिअरने विचारलं, "परीक्षा बदलायची का?"

"परीक्षा तीच. पंचाण्णव पडले की बाजारात." साहेब धाकटीकडे वळले. "मॅडम, तुम्हाला काय वाटतं?"

धाकटी फळ्याकडे बघत होती. पुसलेल्या माणसाची जागा काळपट दिसत होती. आपल्याला आत्ता काहीतरी वाटायला हवं, हे तिला कळत होतं. पाय आखडून बसल्यावर मुंग्या येतात आणि मग तो पाय आपला राहत नाही, तसं काहीतरी छातीत झालं होतं. ती म्हणाली, "पंचाण्णवला वेळ लागेल."

"लागू दे," साहेब म्हणाले.

त्या रात्री जेवताना थोरलीने विचारलं, "काय गं, तुमच्या त्या पडद्याचं काय झालं?"

"चाललंय," धाकटी म्हणाली.

हे "चाललंय" दीड वर्ष चाललं. धाकटी खोटं बोलली नाही, फक्त गप्प बसली, आणि गप्प बसायला रोज नव्याने काही करावं लागत नाही. सकाळी ऑफिस, शुक्रवारी परीक्षा, रात्री खाली जेवण. बावन्न, सदुसष्ट, एकोणऐंशी. गुण वाढत होते ते तिच्याच लाल पेनाने. ती जिथे काट मारायची, तिथे दाढीवाला आठवडाभर बसून यंत्राला शिकवायचा, आणि पुढच्या शुक्रवारी तिथे काट मारायला जागा नसायची. तिने मनात आणलं असतं तर गुण कमी दिले असते. एकदोनदा पेन थांबलंही. पण उत्तर बरोबर असताना चूक म्हणायला तिचा हात वळेना. लहानपणापासून तिचे पेपर तपासणारीनेच तिला तसं वळण लावलं होतं.

पुढे पुढे यंत्र थोरलीसारखं बोलायला लागलं. "काही काळजी करू नका, कागद असेल तर दाखवा, नसेल तरी सांगा, मार्ग काढू," हे थोरलीचं ठरलेलं वाक्य एका शुक्रवारी छापील कागदावर आलं. धाकटीने ते वाचलं, समासात पूर्ण गुण लिहिले आणि पान उलटलं. संध्याकाळी घरी आली, तर थोरली शेजारच्या मुलाला रेशनच्या अर्जाबद्दल हेच वाक्य, याच शब्दांत सांगत होती. धाकटी चपला काढता काढता क्षणभर थांबली. मग तिने चपला नीट जोडीने ठेवल्या आणि हात धुवायला गेली.

गेल्या वर्षाच्या शेवटी यंत्राला सत्त्याण्णव पडले.

पहिलं ठिकाण कुठलं निवडायचं, यावर मीटिंग झाली. बाणवाल्यांचं गणित सरळ होतं. "जिथे आपण सगळ्यात पक्के, तिथे पहिलं पाऊल. परीक्षेचे प्रश्न ज्या कार्यालयातून आले, तिथेच यंत्र सगळ्यात कमी चुकणार. त्यांचे वरिष्ठ तयार आहेत. पुढच्या महिन्यात करार संपतायत, तेव्हा नवी पत्रं काढणार नाहीत."

वह्या कुणाच्या, हे ऑफिसात कुणाला नेमकं ठाऊक नव्हतं. "ओळखीतून मिळाल्या" एवढंच धाकटीने सुरुवातीला सांगितलं होतं, आणि कुणी पुढे विचारलं नव्हतं. आता आपली चूक तिच्यासमोर टेबलावर मांडल्यासारखी होती. दुसरीकडच्या वह्या आणल्या असत्या, चार गावचे प्रश्न घेतले असते, तर बहिणीचंच कार्यालय असं नेमकं पुढे आलं नसतं. तिने अस्सल माल हवा म्हणून सगळ्यात जवळचा आणला होता.

ठिकाण पक्कं करण्याआधी एका माणसाने तिथे दोन दिवस बसून कामकाज बघायचं, हा कंपनीचा नियम. ते काम मास्तरणीचंच.

थोरली त्या दिवशी केस विंचरून, इस्त्रीची साडी नेसून आली होती. शिपायाला, टायपिस्टला, सगळ्यांना सांगत होती, "ही माझी धाकटी. मोठ्या कंपनीत आहे. आमच्या खिडकीसाठी काहीतरी बनवतायत."

"कधी येतोय मग पडदा?" टायपिस्टने विचारलं.

"लवकरच," धाकटी म्हणाली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर वही उघडून बसली.

पहिल्या दिवशी त्र्याऐंशी लोक आले. धाकटी प्रत्येकापुढे एक खूण करत होती, वहीतला प्रश्न की नवा. दुपारपर्यंत तिच्या लक्षात आलं की तिसरा, प्रश्नच नसलेल्यांचा, रकाना आखावा लागणार.

एक माणूस आला आणि त्याने कार्यालयाची वेळ विचारली. वेळ दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली होती. थोरलीने वेळ सांगितली, मग त्याच्या हातातल्या पिशवीकडे बघितलं आणि म्हणाली, "फॉर्म आणलाय ना? द्या इकडे, मी भरते. तुम्ही फक्त तारीख सांगा." तो फॉर्म त्याच्या बायकोच्या मृत्यूचा होता. त्याने तारीख सांगितली. थोरलीने ती लिहिली.

एक तरुण जोडपं बाळाच्या नावाची जागा कोरी ठेवून आलं. दोघंही काचेसमोर उभी, कुणीच काही विचारेना. थोरली म्हणाली, "अजून ठरलं नाही वाटतं. भांडू नका, वर्षभर मुदत आहे. घरी जाऊन भांडा." दोघंही हसली आणि गेली.

एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांचा दाखला त्यांनी मागेच नेला होता, तरी ते दर आठवड्याला तयार झाला का बघायला यायचे. "झालाय आजोबा, तुमच्या कपाटात आहे, वरच्या कप्प्यात," थोरली म्हणाली. "अस्सं," म्हणून ते गेले.

संध्याकाळी धाकटीने मोजलं. त्र्याऐंशीपैकी एकतीस तिसऱ्या रकान्यात होते.

घरी परतताना तिने विचारलं, "ताई, ही असली माणसं तुझ्या वहीत का नाहीत?"

"कुठली असली?"

"ते कपाटवाले आजोबा. तो पिशवीवाला."

थोरली चालता चालता थांबली. तिला खरंच नवल वाटलं होतं. "तू प्रश्न लिहायला सांगितले होतेस ना? पिशवीवाल्याने वेळ विचारली, ती आहे वहीत. बाकी यांनी कुठे काय विचारलं?"

दोन दिवसांनी मीटिंगमध्ये धाकटीने तो कागद टेबलावर ठेवला. आपल्या परीक्षेत कामाचा एक तृतीयांश भाग नाहीच, असं तिने सांगितलं. यंत्राला सत्त्याण्णव पडलेत ते दोन तृतीयांश पेपरात. गोळाबेरीज, टक्केवारी, उदाहरणं, सगळं नीट सांगितलं.

बाणवाल्यांनी कागद दोनदा वाचला. ते मुळात वाईट गृहस्थ नव्हते. "मॅडम, हे फार मोलाचं आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या आवृत्तीत घेऊ." आणि त्यांनी फळ्यावरच्या 'नंतर' या रकान्यात लिहिलं, न विचारणारी माणसं. त्या रकान्यात आधीच बावीस ओळी होत्या. सगळ्यात वरची चार वर्षांपूर्वीची होती, आणि ती लिहिणारा नोकरी सोडून गेला होता.

"थांबवता नाही येणार?" धाकटीने विचारलं.

"थांबलो तर समोरची कंपनी जाईल त्या खिडकीत. त्यांच्याकडे वहीसुद्धा नाही. आपण निदान नीट करतोय."

यात खोटं काही नव्हतं. धाकटीने टेबलावरचा कागद उचलला, घडी घातली, पुन्हा उघडली. मग म्हणाली, "ती खिडकी माझ्या बहिणीची आहे. वह्या तिच्याच आहेत."

दाढीवाल्याने लॅपटॉप मिटला.

"आधी सांगायचं होतंत, मॅडम," बाणवाले अगदी मऊ आवाजात म्हणाले. "दुसरं ठिकाण निवडलं असतं."

"अजून येईल निवडता?"

त्यांनी थोडा विचार केला. "येईल. दुसरं एक कार्यालय तयार आहे. तीनचार गुण कमी पडतील, महिनाभर उशीर होईल. तुमच्या बहिणीच्या कार्यालयाची पाळी मग दोन वर्षांनी. पण उद्या अकरापर्यंत सांगा. आणि हे कागदावर येणार नाही."

बसथांब्यापासून घरापर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा. धाकटी नेहमीसारखीच चालली. वाटेत तिने दूध घेतलं. खाली जेवायला गेली, भाऊजी आंघोळीला गेला तेवढ्यात तिने थोरलीला सगळं सांगितलं. पडदा येणार नाही. खिडकीत यंत्र येणार. पत्र निघणार नाही. मला दीड वर्ष माहीत होतं. उद्या अकरापर्यंत सांगितलं तर ठिकाण बदलेल, तुला दोन वर्षं मिळतील.

थोरली पोळीची कणीक मळत होती. हात थांबला नाही. मग तिने विचारलं, "किती मार्क पडले त्याला?"

"सत्त्याण्णव."

"कुठे चुकलं?"

धाकटीने सांगितलं, एक लग्नाच्या साक्षीदारांबद्दल, एक नाव बदलण्याबद्दल, आणि अशीच काही. थोरलीने कपाळावरचा केस मनगटाने मागे सारला. "साक्षीदारांचा नियम मागच्या वर्षी बदलला. माझी वही जुनी. त्यात यंत्रच बरोबर आहे. तू उगाच गुण कापलेस."

"उद्या वाढवते," धाकटी म्हणाली. यावर दोघीही हसल्या नाहीत.

"माझं अक्षर बघितलं त्यांनी?"

"बघितलं."

"काय म्हणाले?"

"छान आहे म्हणाले."

"हं." थोरलीने कणकेवर झाकण ठेवलं, हात धुतले, आणि खुर्ची ओढून बसली. "दुसऱ्या ठिकाणी खिडकीत कोण आहे?"

"माहीत नाही."

"बाई आहे की माणूस?"

"खरंच माहीत नाही, ताई."

भाऊजी टॉवेलने डोकं पुसत आला. दोघींचे चेहरे बघून त्याने विचारलं आणि थोरलीने चार वाक्यांत सांगितलं. त्याने डोकं पुसून घेतलं. मग म्हणाला, "वा. एक बहीण खिडकी उघडते, दुसरी बंद करते. घरातल्या घरात सोय."

"तुम्ही गप्प बसा," थोरली म्हणाली. त्याने खरंच गप्प बसून टॉवेल खुर्चीवर टाकला.

जेवणं झाली. भांडी घासून पालथी घातल्यावर थोरली धाकटीला दारापर्यंत सोडायला आली. ती कधी यायची नाही.

"हलव," ती म्हणाली. "मला तीन वर्षं हवी होती. दोन मिळत असतील तर दोन घेते. मी काही कुणी थोर बाई नाही. तू लहान होतीस तेव्हा तुला वाटत असेल तसं, पण नाही."

"बरं."

"आणि त्या दुसऱ्या खिडकीत जो कोणी असेल, त्याला तू स्वतः भेटून ये. शिपायाकडून कळायला नको."

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला धाकटीने होकार कळवला. बाणवाल्यांनी एका रेघेवर काट मारून दुसरीकडे बाण काढला. पाच मिनिटांचं काम. पुढचे चार दिवस थोरलीने तिला रोज वाढलं, भाजी पुढे केली, पण "अजून घे" म्हटलं नाही. पाचव्या दिवशी म्हणाली. धाकटीने घेतलं. भूक नव्हती.

दुसरं कार्यालय अर्ध्या दिवसाच्या प्रवासावर होतं. खिडकीत एक गृहस्थ होते, पन्नाशी उलटलेले, शर्टाच्या खिशात दोन पेनं, खुर्चीवर पाठीसाठी घरून आणलेली उशी. त्यांनी धाकटीसाठी स्वतः स्टूल पुसून दिलं आणि कामाला लागले. त्यांची पद्धत थोरलीपेक्षा वेगळी होती. ते प्रत्येकाला आधी "जेवलात का?" विचारायचे, सकाळी साडेदहालासुद्धा. धाकटीने दुपारपर्यंत खुणा केल्या. हा प्रश्न कुठल्या रकान्यात घालावा ते तिला ठरवता आलं नाही. प्रश्न तर खिडकीच्या आतूनच येत होता.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी काचेवर पाटी लावली, डबा उघडला आणि तिच्यापुढे सरकवला. तिने नको म्हटलं. मग तिने सांगितलं. मशीन काय आहे, ते कधी बसणार, आणि पुढच्या महिन्यात त्यांचं नवं पत्र येणार नाही. आपण कोण आहोत तेही सांगितलं. फक्त आधी निवडलेलं ठिकाण वेगळं होतं, हे सांगितलं नाही. ते सांगून त्यांना काही मिळणार नव्हतं, आणि तिचं ओझं तेवढं हलकं झालं असतं.

गृहस्थांनी घास खाली ठेवला. डब्याचं झाकण हातात घेऊन ते त्याची कड बोटाने पुसत राहिले.

"पक्कं आहे?"

"हो."

"माझी काही चूक?"

"नाही."

"कुणाच्या तक्रारी वगैरे?"

"एकही नाही. मी बघितलं."

त्यांनी मान हलवली. काचेच्या पलीकडे पाटी दिसत असूनही चारपाच माणसं येऊन उभी राहिली होती. त्यांच्याकडे बघत ते म्हणाले, "घरी मुलीचं लग्न ठरवायला पाहुणे यायचे आहेत रविवारी. पत्राची तारीख उलटेपर्यंत थांबू का सांगायला? तेव्हा सांगता येईल. महिना आहे अजून."

धाकटीने हातातली वही मिटली.

"थांबू नका," ती म्हणाली. "आज घरी गेल्यावर सांगा."

"आजच?"

"जेवणाआधी सांगा. थांबलात की मग रोज थांबावं लागतं."

गृहस्थांनी थोडा वेळ तिच्याकडे बघितलं. मग डबा बंद केला, उशी पाठीशी नीट केली, आणि सुट्टी संपायला दहा मिनिटं बाकी असताना पाटी काढली.

"या," ते पुढच्या बाईला म्हणाले. "जेवलात का?"